फिलोमिनाची बारा वर्षं

आत्या,

तू गेल्यावर नवव्या दिवशी एक ईमेल आला. त्याबद्दलच लिहायला बसलेय. बातमी चांगली आहे, म्हणून घाई करणार नाही. तुला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून ऐकायची असायची. मी आधीच शेवट सांगून टाकला की चिडायचीस, "मग मी इथे कशाला बसलेय?"

घरी बरेच लोक येऊन गेले. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले, आणि बोलता बोलता तुला जरा मऊ करून टाकलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "फार शांत स्वभावाच्या होत्या." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघितलं. चार वर्षं आपण जेवणाच्या टेबलावर भांडलो, ते या काकांना खाली ऐकू येत नव्हतं असं मला वाटत नाही.

विषय एकच असायचा. माणूस आजारी पडला तर सरकारने करायचं काय?

तू तीस वर्षं उत्तनच्या कोळीवाड्यात, पालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स. मी आरोग्य विमा कंपनीत, क्लेमच्या फायली वाचणारी. मला ती नोकरी लागली त्या दिवशी तू पेढा खाल्लास आणि म्हणालीस, "म्हणजे आता घरात दोन पक्ष." तेव्हा वाटलं होतं, गंमत करतेयस.

तुझं म्हणणं साधं होतं. दवाखाना सरकारने बांधायचा, डॉक्टर सरकारने नेमायचा, औषध सरकारने द्यायचं. विमा कशाला मध्ये? "माणसाच्या हातात कार्ड ठेवायचं आणि सांगायचं, जा, शोध कोण घेतंय तुला. याला काय सरकार म्हणतात?"

माझंही साधंच होतं, फक्त मला ते नीट बोलता येत नव्हतं. शाळेपासून माझं असंच आहे. उत्तर सुचतं, पण हात वर होईपर्यंत तास संपतो. तुझ्यासमोर मात्र मी बोलायचे. मी म्हणायचे, "तुझ्या केंद्रात हार्टचा डॉक्टर होता का कधी?"

"नव्हता. म्हणूनच म्हणतेय, नेमा."

"नेमेपर्यंत माणसाने थांबायचं? सरकारने पैसे भरावेत, नियम करावेत आणि पंच व्हावं. खेळायला उतरू नये."

"पंचाचा पगार कोण देतं?"

"आत्या, प्रत्येक गोष्टीत पगार कशाला?"

"तीस वर्षं पगाराची वाट बघितलीय मी. मला विचारायचा हक्क आहे."

बाबा भाताचं भांडं सरकवत म्हणायचे, "सरकारला जेवू द्या की दोन घास." मग तू हसायचीस, आणि भांडण उद्यावर जायचं.

एकदा मात्र तू मला गप्प केलंस. माझ्या ऑफिसच्या पॉलिसीत कुटुंबातल्या कोणाकोणाची नावं घालता येतात, तो फॉर्म मी भरत होते. आईवडील चालतात, नवरा आणि मुलं चालतात. सासूसासरेसुद्धा चालतात, जे मला नाहीत. आत्या चालत नाही. तू माझ्या खांद्यावरून वाचलंस. मला अंघोळ घालणारी, माझ्या शाळेच्या डब्यात रोज न चुकता काकडी कोंबणारी तू म्हणालीस, "म्हणजे कंपनीच्या मते मी तुझी कोणीच नाही." ते म्हणताना तू चिडली नव्हतीस. चष्मा पुसून पुन्हा एकदा ती यादी वाचलीस, एवढंच. मी म्हटलं, नियम आहे. तू म्हणालीस, "हो ना. पंचांनी केलेला."

मग मागच्या दिवाळीनंतर फिलोमिना आली.

उत्तनची फिलोमिना तुझी जुनी पेशंट. दोन्ही बाळंतपणं तुझ्या हातची. ती लिफ्टमधून वर आली तेव्हा तिच्या पिशवीत सुके बोंबील होते, आणि समोरच्या दारातल्या गुजराती बेननी हळूच दार उघडून, बघून, पुन्हा लावून घेतलं. फिलोमिना आत येताच म्हणाली, "त्या बाईला पन द्यायचे होते, पन तिचा तोंड बघून न्हाय दिले." मग ती बसली आणि रडायला लागली.

तिचा नवरा पेद्रू. स्वतःची बोट असलेला नाखवा, पन्नाशीचा. छातीत कळ आली तेव्हा रिक्षावाल्याने भाईंदरला जे पहिलं हॉस्पिटल दिसलं तिथे घातलं. सरकारी योजनेचं कार्ड घरात होतं, पण ते हॉस्पिटल योजनेच्या यादीत नव्हतं. खाजगी विमाही होता, चार वर्षांपूर्वी घेतलेला, दर वर्षी न चुकता भरलेला. त्यामुळे कोणी काळजी केली नाही. स्टेंट बसला, माणूस वाचला. आणि विमा कंपनीने कळवलं की पैसे मिळणार नाहीत, कारण पेद्रूने बीपीचा आजार लपवून पॉलिसी घेतली.

"लपवला न्हाय ओ सिस्टर," फिलोमिना म्हणाली. "मागच्याच साली कलला बीपी. त्याच्या आधी काय पन न्हवता."

तू ते पत्र माझ्याकडे दिलंस. मी वाचलं आणि मला लगेच कळलं. असं पत्र मी आधी पाहिलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. असं पत्र मी लिहिलं होतं, दुसऱ्या लोकांना, दुसऱ्या कंपनीतून.

हॉस्पिटलच्या कागदावर डॉक्टरने लिहिलं होतं: बीपी, बारा वर्षांपासून.

"बारा वर्षं कोणी सांगितलं?" मी विचारलं.

फिलोमिनाने तुझ्याकडे बघितलं. "मीच."

"का?"

"तो पोरगा डॉक्टर मोबाइल बघत होता. बोलला, बीपी कधीपासून? मी बोलली, लय वर्षां झाली. तो बोलला, किती? मी बोलली, दहा-बारा." मग ती माझ्याकडे वळली. "एक साल बोलली असती तर त्यानी मान तरी वर केली असती काय?"

तू हसलीस, आत्या. मला राग आला होता आणि तू हसत होतीस. मग मला म्हणालीस, "तुला काय वाटतं, तीस वर्षांत मला एकानेही खरा आकडा सांगितला असेल? ताप कालपासून असेल तर आठवडा सांगतात. दुखणं महिन्याचं असेल तर वर्षाचं. दारात आलेल्या माणसाला भीती असते की आपल्याला परत पाठवतील. म्हणून तो दुखणं मोठं करून आणतो. आम्ही त्यातून वजा करायचो."

"आमच्याकडे वजा करत नाहीत," मी म्हटलं. "फाइलमध्ये आहे ते धरतात."

फिलोमिना गेल्यावर तू भांडी लावता लावता सहज विचारलंस, "तू किती जणांना पाठवलंस गं असं परत?"

मी पाणी पिण्याचं निमित्त करून आत गेले. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि तेच मला जास्त जड गेलं. आता सांगते. आकडा मला माहीत नाही. 'बऱ्याच वर्षांपासून' असं लिहिलेलं दिसलं की मी तारीख बघायचे, पॉलिसीची तारीख बघायचे, नकार लिहायचे आणि पुढची फाइल उघडायचे. मला कोणी तसं वाईट वागायला सांगितलं नव्हतं. कागद वाचणं हे माझं काम होतं आणि मी ते चोख करत होते. त्या कागदाआधी कोणीतरी दारात उभं राहून घाबरलेलं असतं, हे मला सुचलंच नव्हतं.

फिलोमिनाची गोष्ट पैशांपाशी थांबत नव्हती. बिल भागवायला त्यांनी नातेवाइकांकडून घेतलं होतं आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत बोट विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही बघून गेलं होतं. बोट गेली तर पेद्रू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होणार, स्टेंट घेऊन. फिलोमिनाने हे सांगितलं तेव्हा एकही आकडा वाढवला नाही.

मी म्हटलं, विमा लोकपालाकडे जाऊ. तिथे वकील चालत नाही, आपली तक्रार आपणच मांडायची. तू विचारलंस, "तो कोणाचा माणूस?"

"नियम सरकारचे."

"आणि खर्च?"

"कंपन्यांचा."

तू एवढी हसलीस की बाबा गॅलरीतून आत आले. "अरे, तुझ्या लेकीने मला पंच दाखवलाय," तू म्हणालीस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तूच मला उठवलंस. "मृणू, तक्रार लिही. पुराव्याचं मी बघते."

मला वाटलं होतं, पुरावा म्हणजे जुन्या गोळ्यांची चिठ्ठी वगैरे. तुझ्या डोक्यात वेगळंच होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोटी ओढून वर घेतलेल्या असतात, रंगकाम चालू असतं, जाळी दुरुस्त होत असतात. गावातले सगळे पुरुष जमिनीवर असण्याचे तेवढेच दिवस. म्हणून तू दर वर्षी त्या दिवसांत बीपीचं यंत्र घेऊन जेट्टीवर जायचीस. वरून आदेश नव्हता, तुझं तूच ठरवलं होतंस. हंगामात केंद्रात एक पुरुष फिरकत नाही, मग आपणच जायचं. रंगाचे हात पुसायला लावायचीस, दंडाला पट्टा बांधायचीस आणि रजिस्टरमध्ये लिहायचीस. पळणाऱ्यांच्या बायकांना आधी निरोप गेलेला असायचा.

"पेद्रू तर शिडीवर चढून बसायचा," तू मला सांगितलंस. "मी शिडी धरून उभी राहायची. उतरशील कुठे?"

रजिस्टरं केंद्रातच होती. पेद्रूने अर्ज दिला, माझ्या नोंदींची नक्कल द्या म्हणून. त्यासाठी तू तीन वेळा त्याच्याबरोबर गेलीस, पाय सुजलेले असताना. आताच्या नर्सने कपाट उघडलं आणि तुला म्हणाली, "मॅडम, ही रद्दीत जाणार होती." तू तिला काय बोललीस ते मला पेद्रूने नंतर सांगितलं. ते इथे लिहीत नाही. पण शिक्का मारलेली नक्कल मिळाली. पॉलिसीच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरचं एक. पेद्रूचं नाव, वय, बोटीचं नाव आणि बीपी. तिन्ही वर्षी नॉर्मल. एका वर्षी पुढे तुझ्या अक्षरात शेरा होता: शिडीवरून उतरल्यावर दहा मिनिटं बसवून मग बीपी घेतले.

तो शेरा वाचून मी एकटीच खोलीत हसले. मग रडले. मग स्कॅन करून पाठवून दिलं.

सुनावणी व्हिडिओवर होती. उत्तनला नेट टिकत नाही, म्हणून दोघं सकाळीच आपल्या घरी आली. पेद्रू लग्नाचा शर्ट घालून आला होता. तुझी तब्येत तेव्हा बिघडायला लागली होती, तरी तू सुती साडी नेसून, केस विंचरून, कॅमेऱ्यात येणार नाही अशा खुर्चीत बसलीस. मी फिलोमिनाला शंभर वेळा बजावलं होतं: नेमकं बोल, वाढवू नकोस.

अधिकारी बाईंनी विचारलं, "कंपनीशी संपर्क साधला होता?"

"बीस-पंचवीस वेला गेली," फिलोमिना म्हणाली.

तू टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिलास. मी बघितलं.

"तीन वेला," फिलोमिना म्हणाली.

कंपनीचा मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याने तेच वाचून दाखवलं जे मीही वाचलं असतं. रुग्णाच्या पत्नीने स्वतः बारा वर्षं सांगितली आहेत, ते हॉस्पिटलच्या कागदावर आहे. अधिकारी बाईंनी फिलोमिनाला विचारलं, "तुम्ही बारा वर्षं म्हणालात, हे खरं आहे?"

"खरा हाय."

"मग?"

मी डोळे मिटून घेतले. फिलोमिना म्हणाली, "मॅडम, मी मच्छी विकते. गिऱ्हाईक विचारतं, कधीची हाय? मी बोलते, आत्ताच आली. दवाखान्यात विचारतात, कधीपासून हाय? मी बोलते, लय वर्षां झाली. दोन्ही खोटा हाय आनि दोन्ही खोटा न्हाय. कमी बोलली तर कोन बघतंय आमच्याकडं?"

त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. कंपनीचा मुलगा म्हणाला की जेट्टीवरच्या शिबिराचं हाताने लिहिलेलं रजिस्टर हा वैद्यकीय पुरावा म्हणता येणार नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात ते वाक्य आलं. स्पष्ट, अख्खं. मी ते वहीच्या कागदावर लिहिलं. मला बोलायची परवानगी नव्हती, पण खरं सांगायचं तर परवानगी असती तरी मी बोलले नसते. कागद फिलोमिनाकडे सरकवायचा होता. तू मध्येच घेतलास. चष्मा लावलास. खुर्ची सरकवून कॅमेऱ्यासमोर आलीस.

"आपण कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"हे रजिस्टर लिहिणारी. अक्षर माझं आहे. दोन मिनिटं बोलू का?"

त्या म्हणाल्या, बोला.

तू माझा कागद वाचलास. "घाबरलेल्या बायकोने अंदाजाने सांगितलेला आकडा हा वैद्यकीय पुरावा आणि नर्सने यंत्र लावून घेतलेलं माप हा नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे का?"

तू कागद घडी करून कमरेला खोचलास, आणि मग स्वतःचं म्हणून एक वाक्य जोडलंस. "शिबिर म्हणू नका. ती माझी ड्यूटी होती."

वाक्य माझं होतं, आवाज तुझा. चार वर्षांत पहिल्यांदाच आपण एका बाजूने बोललो, आणि तुला ते कळलंही होतं. कारण लॅपटॉप बंद झाल्यावर तू फिलोमिनाला चहा देता देता म्हणालीस, "पंच बरा वाटला." मी म्हटलं, "रजिस्टर बरं होतं." पेद्रू म्हणाला, "शिडी उंच होती." त्या दिवशीचं हसणं हे घरातलं तुझं शेवटचं मोठं हसणं.

नंतरचा आठवडा तू पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये होतीस. बाबांनी खाजगी हॉस्पिटलचं नाव काढलं तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. तुझ्या हाताखाली शिकलेल्या सिस्टर तिथे होत्या. त्यांना तू झोपल्या झोपल्या सलाइनचा वेग बरोबर करायला लावत होतीस. एका दुपारी माझा हात धरून म्हणालीस, "बघ मृणू. दाखल करताना कोणी कार्ड मागितलं?"

मी म्हटलं, "नाही मागितलं."

"मग?"

"मग काही नाही. तू जिंकलीस."

तेव्हा मी तुला सांगितलं नाही, ते आता सांगते. तुला दिवसातून दोनदा दिलं जायचं ते इंजेक्शन हॉस्पिटलात संपलेलं होतं. बाबा ते बाहेरून आणत होते. सिस्टरनीच सांगितलं होतं, त्यांना कळू देऊ नका. आम्ही सगळे मिळून तुझ्याशी खोटं बोललो. मला त्याचं वाईट वाटत नाही. तू म्हणायचीस तसं सरकार असावं अशी त्या आठवड्यात माझीही फार इच्छा होती, आणि तुझ्या खाटेभोवती ते आम्ही थोडंफार उभं केलं. त्यातला अर्धा भाग खरा होता. त्या पोरींनी तुला जसं सांभाळलं, तसं कुठल्याही पॉलिसीत लिहिलेलं नसतं.

आता ईमेल.

मी ऑफिसात होते. लोकपालाचा आदेश सहा पानांचा होता. मी शेवटचं पान आधी उघडलं नाही, तुझ्यासाठी पहिल्यापासून वाचत गेले. चौथ्या पानावर लिहिलं होतं की पालिकेच्या परिचारिकेने पॉलिसीपूर्वी कर्तव्यावर असताना केलेल्या नोंदी या पत्नीच्या तोंडी, अंदाजे विधानापेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत. 'कर्तव्यावर असताना.' त्यांनी तुझा शब्द घेतला, आत्या. आणि सहाव्या पानावर, क्लेम पूर्ण मंजूर.

मी उठून जिन्यात गेले आणि फिलोमिनाला फोन केला. ती बाजारात होती, मागे घासाघीस चालू होती. मी सांगितलं. ती आधी गिऱ्हाइकाला म्हणाली, "घेऊन जा, किती पन दे." मग मला म्हणाली, "सिस्टरला बोललीस?"

मी म्हटलं, सांगते.

पुढच्या शनिवारी मी उत्तनला गेले. एकटीच. बोट विकली गेलेली नाही. पेद्रू तिला निळा रंग देत होता, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे अर्धा तास काम, अर्धा तास आराम. आराम तो शिडीच्या तळाशी करत होता. फिलोमिनाने पायरीवर बसवून मला जेवू घातलं. तिथे एक माणूस आला, मग दुसरा, मग चौघंपाचजण. नवी नर्स बीपी बघायला जेट्टीवर कधी येणार, असं मला विचारत होते, जणू मला माहीत असणार. "आमचा पन लिवून ठेवा म्हनावं," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "याचा दोनदा लिवा, याच्या बायकोचा तोंड पेद्रूच्या बायकोपेक्षा मोठा हाय." बायको मागेच उभी होती. पुढे काय झालं ते तू ओळखशील. मी केंद्रात जाऊन नर्सला निरोप दिला. ती म्हणाली, "मॅडम, इतके लोक स्वतःहून बोलावतायत हे मी पहिल्यांदा बघतेय." तिने नवं रजिस्टर काढलंय.

तेव्हा कोण जिंकलं, यावर आपण जेवणापासून झोपेपर्यंत भांडू शकलो असतो. तू म्हणाली असतीस, नर्स नसती तर पंचाने काय बघितलं असतं? मी म्हटलं असतं, पंच नसता तर रजिस्टर रद्दीत गेलं असतं. दोघीही बरोबर असतो, आणि बाबांनी ताक वाढलं असतं. मला हे भांडण कोणाबरोबर चालू ठेवता येत नाही, बाकी मी बरी आहे.

परवा ऑफिसात एक फाइल आली. कल्याणचं जोडपं, नवऱ्याचं ऑपरेशन. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं: मधुमेह, सात-आठ वर्षांपासून. पॉलिसी चार वर्षांची. मी नेहमीप्रमाणे दोन तारखा बघितल्या आणि पुढची फाइल उघडायला हात गेला. गेला आणि थांबला. मग मी फोन उचलला. आमच्या कामात फोन करायला बंदी नाही, फक्त कोणी करत नाही. मी तर नक्कीच करत नाही.

बाईंनी उचलला. मी विचारलं, "मधुमेह नेमका कधीपासून आहे?"

"खूप वर्षं झाली हो मॅडम."

"घाई नाही. आठवून सांगा. घरातलं काही आठवतंय का, त्याच्या आधी की नंतर?"

बाईंनी आत हाक मारली, "अहो, शुगर आपल्या पिंकीच्या बारशाच्या आधी की नंतर?"

आतून आवाज आला, "नंतर गं. बारशाला मी सहा जिलब्या खाल्ल्या, तेव्हा कोणी अडवलं होतं का मला?"

पिंकी त्यांची नात. आता तीन वर्षांची आहे. मी म्हटलं, पहिल्या तपासणीचा रिपोर्ट असेल तर शोधा, मी थांबते. तासाभराने रिपोर्टचा फोटो आला. कपाटाच्या कागदाखाली पिवळा पडलेला, पण तारीख स्पष्ट होती. मी मंजुरीची शिफारस लिहिली. साहेबांनी वर बघून विचारलं, "फोन केलास? तू?" मग सही केली.

बाईंना कळवायला मी पुन्हा फोन लावला. हेही माझं काम नाही. त्या म्हणाल्या, "एक विचारू का मॅडम? तुम्ही सरकारी ऑफिसातून बोलताय का? कंपनीवाले असं आठवायला वेळ देत नाहीत, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "नाही हो. माझी आत्या होती सरकारी."